गिऱ्हाईक 'चालशे ने?' विचारते तेव्हा मिस्त्रीने काय करावे

वडोदऱ्यात दोन गाड्या जेमतेम मावतील एवढ्या जागेत गॅरेज चालवणाऱ्या एका तरुण मिस्त्रीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. ब्रेक गेलेले डोळ्यांना दिसत असताना गिऱ्हाईक 'पैसे नाहीत, एवढा महिना चालशे ने?', म्हणजे 'चालेल ना?', असे म्हणाले तर काय करायचे? पुरात बुडालेली गाडी 'फक्त चालू करून दे, विकायची आहे' असे सांगून कोणी आणून लावली तर घ्यायची का? आणि गाडी देऊन झाल्यावर 'चाकाचे नट आवळले होते ना?' या विचाराने रात्री झोप उडते, त्यावर काय उपाय?

तिन्ही प्रश्न मला एकाच जातीचे वाटतात. काम हातात घेताना आधी एवढेच बघा, की हे काम नीट झाले नाही तर नुकसान कोणाचे. फक्त मालकाच्या खिशाचे असेल तर निर्णय त्याचा. आपण नीट समजावून सांगायचे आणि तो म्हणेल तसे करायचे. पण समोरून येणारा स्कूटरवाला, मागच्या सीटवरचे पोर, उद्या ती गाडी विकत घेणारा माणूस, यांपैकी कोणी त्या वेळी गॅरेजात उभे नसते. गाडी उघडून आत पाहिलेली असते ती फक्त तुम्ही. त्यांच्या बाजूने बोलायला दुसरे कोणीच नाही, म्हणून तिथे गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा मानायचा नाही.

खराबीसुद्धा दोन प्रकारची असते, हे गिऱ्हाइकालाही याच शब्दांत सांगावे: एक गाडी रस्त्यात उभी करणारी, दुसरी माणूस मारणारी. क्लच स्लिप होतोय, एसी थंड करत नाही, शॉकर गळतोय, अल्टरनेटर कमी चार्ज करतोय, सायलेन्सर फाटून आवाज येतोय, ही कामे पुढे ढकलता येतात. फार तर गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढून आणावी लागेल. ब्रेकची गळती, चाक आणि स्टिअरिंग जोडणारा ढिला बॉल जॉइंट किंवा टायरॉड एंड, पेट्रोल वा सीएनजीची गळती, आतली तार दिसणारा किंवा बाजूला फुगा आलेला टायर, आवाज करणारे व्हील बेअरिंग, सीट बेल्ट आणि एअरबॅग ही दुसऱ्या प्रकारातली. यात मोलभाव किमतीचा होऊ शकतो, काम करायचे की नाही याचा नाही.

आता ब्रेकचे. पैसे नाहीत म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याला सहा-सात कामांचे एकगठ्ठा एस्टिमेट दिले की तो घाबरतो आणि सगळ्यालाच नको म्हणतो. म्हणून एस्टिमेट फोडून द्या. समजा छोटी गाडी आहे, मागच्या डाव्या चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय, ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर ऑइलने भिजलेत, पुढचे पॅड चार मिलिमीटर उरलेत, ब्रेक ऑइल काळे पडले आहे आणि शिवाय शॉकर गेलेत. आजच्या आज करायचे ते एवढेच: मागच्या दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, दोन्ही बाजूंचे लायनर आणि सगळे ब्रेक ऑइल. पुढचे पॅड अजून काही हजार किलोमीटर जातील, तीन मिलिमीटरवर बदलायचे. शॉकर दिवाळीनंतर केले तरी चालतील. पुढचे पॅड दोन मिलिमीटरच्या खाली असते तर तेही आजच्या यादीत आले असते. डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून तो आकडा गिऱ्हाइकाला स्वतःला वाचू द्या.

इथे काटकसरीच्या नावाखाली तीन गोष्टी केल्या जातात, त्या करू नका. एक, भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवणे. लायनरच्या छिद्रांत ऑइल मुरलेले असते, ड्रम तापला की ते वर येते आणि ते चाक एकतर धरतच नाही किंवा अचानक पकडते. दोन, एकाच बाजूचे बदलणे. पावसात जोरात ब्रेक लागला की गाडी एका अंगाला ओढते. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, गळणाऱ्या चाकाचा पाइप दाबून किंवा आत छर्रा घालून बंद करणे. पेडल घट्ट लागते, ट्रायलमध्ये गाडी थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण एक चाक ब्रेकशिवाय धावत असते, आणि हे फक्त तुम्हाला माहीत असते.

समजावताना भाषण देऊ नका, त्याचा पाय पेडलवर ठेवा. इंजिन बंद ठेवून चार वेळा पंप करायला सांगा आणि पाय दाबून धरू द्या. पेडल हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल आतल्या आत मागे सरकतेय. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक आहे. दोन मिनिटांचे काम आहे, पण आपल्या पायाखाली खाली जाणारे पेडल माणसाला जे सांगते ते आपल्याला तासभर बोलून सांगता येत नाही.

ब्रेक ऑइलला लोक हमखास नाही म्हणतात, कारण ते दिसत नाही. त्यांना पावागडाचे उदाहरण द्या. डोंगरावरच्या मांचीवरून गाडीभर माणसे घेऊन ब्रेक दाबत उतरताना पॅड आणि कॅलिपर भयंकर तापतात. डॉट ३ या दर्जाचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑइल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येऊ शकतात. उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फ्लोअरला लागते. गाडी थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा ठीक लागतो, म्हणून पुढच्या मिस्त्रीलाही काही सापडत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर लागते. मजुरी धरूनही हे काम स्वस्तातले आहे.

एवढे सांगूनही तो नाही म्हणाला तर? गाडी अडवून ठेवायचा हक्क आपल्याला नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घेता येते. न केलेल्या कामासाठी किंवा माणसाने आपले ऐकले नाही म्हणून ठेवता येत नाही. तेव्हा जॉब कार्डवर स्वच्छ लिहा: 'मागचा डावा व्हील सिलिंडर गळतो. ब्रेक असुरक्षित. गाडी चालवू नये असे सांगितले. काम मालकाने नाकारले.' खाली त्याची सही घ्या, भिजलेल्या लायनरचा फोटो त्याच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवा. सही करताना अर्धे लोक थबकतात आणि काम करायला तयार होतात, हे बऱ्याचदा बघायला मिळते. त्याच वेळी त्याला वाट काढून द्या: गाडी चार दिवस इथेच राहू दे, जागेचे भाडे नाही, किंवा अर्धे पैसे आज, अर्धे पगाराला. उधारी बुडण्याची भीती खरी आहे. म्हणून उधारी पार्ट्सवर देऊ नका, मजुरीवर द्या. बुडालीच तर आपली मेहनत बुडेल, दुकानदाराचे देणे डोक्यावर बसणार नाही.

शाळेच्या व्हॅनचा विषय मात्र वेगळा धरा. आपल्या शहरात मुलांना नेणाऱ्या बहुतेक व्हॅन सीएनजीवर आहेत आणि त्यांचे मालक फार पैसेवाले नसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत धंदा बंद, मग जूनमध्ये सगळा खर्च एकदम येतो. त्यात गॅस सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची, तारीख उलटलेली असते, आणि 'भाई, पाटी बदलून दे, पंपावर विचारतात' अशी मागणी येते. सीएनजी सिलिंडर २०० बारला भरला जातो आणि दर तीन वर्षांनी त्याची टेस्ट लागते. पाटीवर खोटी तारीख ठोकणे हे काम कोणत्याही पैशाला घ्यायचे नाही. त्याऐवजी सिलिंडर उतरवून, अधिकृत टेस्ट केंद्रावर पाठवून, परत बसवून द्यायची मजुरी शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात कमी लावा; ही मदत खरी. सिलिंडर उतरलाच आहे तर पट्ट्याखालचा भाग बघा, गंज तिथे धरतो, कारण रबराची पट्टी पाणी धरून ठेवते. बसवल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा. लायटर पेटवून गळती बघणारे अजून आहेत. तुमच्या गॅरेजात हेल्परला ते एकदाही करू देऊ नका.

आता बुडालेली गाडी. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ फुटांच्या आसपास आहे. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत तळघरातल्या आणि सोसायटीच्या आवारातल्या गाड्या दिवस-दिवस पाण्यात उभ्या होत्या. असा पूर गेला की पुढची काही वर्षे त्या गाड्या बाजारात फिरत राहतात. म्हणून हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा पडणार आहे.

दुरुस्ती घ्यायला हरकत नाही. पण 'फक्त चालू करून दे' ही अट घेऊ नका, कारण चालू होणे आणि नीट होणे यात इथे फार अंतर आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. किल्ली फिरवू नका, कोणालाही फिरवू देऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलचे प्रशिक्षण झालेले नसेल तर हातच लावू नका. पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे त्याचे फोटो धुण्याआधी काढा. एअर फिल्टर उघडा. तो आणि त्याच्या पुढची नळी कोरडी असेल तर बरेच वाचले. ओली असेल तर सगळे प्लग काढा, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा, आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडेल. ऑइलची पट्टी बघा. लेव्हल वर गेली असेल किंवा ऑइल चहासारखे दिसत असेल तर काढून टाका. नवे ऑइल आणि फिल्टर घालून, इंजिन पाच-दहा मिनिटे आयडलवर चालवून, तेही काढा आणि पुन्हा नवे घाला. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतूनही पाणी आत जाते, म्हणून गिअर ऑइल बदलल्याशिवाय गाडी देऊ नका.

इथे एक जागा अशी आहे जिथे मिस्त्रीचा प्रामाणिकपणा कोणालाच दिसत नाही. पाण्यात कोणी सेल्फ मारला असेल, किंवा चालत्या इंजिनात पाणी गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. पुष्कळदा तो इतका थोडा वाकतो की इंजिन सुरू होते, आयडल बरे वाटते, ट्रायलमध्ये गाडी ओढते. नंतर काही महिन्यांनी, बहुधा एक्सप्रेस-वेवर ताशी शंभरच्या वेगात, तोच रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. हे आधी तपासता येते. प्लग सरळ उभा बसणारे इंजिन असेल तर एकच बारीक, न वाकणारी कांडी चारही भोकांतून पिस्टनवर टेकवा, प्रत्येक पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, आणून कांडी किती बाहेर राहते ते मोजा. एका सिलिंडरला अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसला तरी संशय धरा. मग गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. तोच सिलिंडर इतरांपेक्षा कमी दाखवत असेल तर हेड उघडायचे. 'हेड उघडण्याचे पैसे देणार नाही' म्हणाला, तर बिलावर लिहा की एका रॉडबद्दल शंका आहे आणि तपासणी नाकारली आहे.

पाणी सीटपर्यंत आले असेल तर एअरबॅग उघडायची आज्ञा देणारे मोड्यूल हा दुसरा कळीचा मुद्दा. बहुतेक गाड्यांत ते मधल्या कन्सोलखाली, गिअर लिव्हरच्या पुढे-मागे, थेट फ्लोअरवर बसवलेले असते, म्हणजे पाणी शिरले की बुडणाऱ्या पहिल्या भागांपैकी एक. ते ड्रायरने सुकवून परत लावायचे नाही, बदलायचे. खर्च ऐकून गिऱ्हाईक म्हणते, 'ती लाइट बंद करून टाक.' डॅशबोर्डवरची एअरबॅगची लाइट रेझिस्टर लावून फसवता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लाइट फसवली की नव्या मालकाला वाटते एअरबॅग आहे, आणि टक्कर झाली की ती उघडत नाही. लाइट पेटलेली राहू द्या. पेटलेली लाइट निदान खरे बोलते.

विकण्याच्या गाडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: काम करा, पण बिलावर 'पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, पाणी सीटच्या उंचीपर्यंत' हे शब्द आणि तारीख, किलोमीटर लिहूनच द्या. बिल पुढे दाखवायचे की नाही ते मालक बघेल, पण तुमच्याकडून कागद खरा गेला. तसे बिल नको म्हणणाऱ्याचे काम घेऊ नका. कधी कधी असे होते की तीच गाडी घेणारा माणूस तपासायला तुमच्याकडेच घेऊन येतो. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकाची बाजू की नव्याची, असा पेच पडतो. साधा मार्ग हा: 'या गाडीचे काम माझ्याकडे झाले आहे, त्यामुळे तपासणी मी करणार नाही. मालकाकडे माझे बिल मागा आणि दुसरीकडे दाखवा.' यात तुम्ही कोणाची चहाडी केली नाही आणि खोटेही बोलला नाहीत. तपासणीत काय बघायचे हे मात्र कोणालाही सांगावे: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ, सीटच्या रुळांच्या बोल्टांवर गंज, कार्पेट उचलून खालच्या फोमचा वास, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, फ्यूज बॉक्स आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशी. सीट कव्हर नवे आणि कार्पेट नवे पण गाडी आठ वर्षांची, तर थांबून विचार करावा.

विम्याचा पेच याच पुरातून येतो आणि तो भावनिक दृष्ट्या जास्त जड असतो, कारण समोरचा माणूस खरेच बुडालेला असतो. घरातले सामान गेलेले, वर गाडी गेलेली. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेले असेल तर कंपन्या ते सहसा मालकाच्या चुकीत धरतात. इंजिन प्रोटेक्टचे अॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेले संरक्षण, असेल तर मिळते. नुसत्या थर्ड पार्टीत आपल्या गाडीचे काहीच मिळत नाही. मग हात जोडून विनंती येते: 'एवढे लिहून दे की सेल्फ मारलाच नाही.' असे लिहू नका, आणि उलट 'मारला' असेही लिहू नका. तुम्ही तिथे नव्हता. जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहा: एअर फिल्टर ओला, तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी, तिसरा रॉड वाकलेला, माप इतके. विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू नका, उघडायचेच तर त्याच्या समोर. आणि खरी मदत करायची असेल तर त्याची पॉलिसी त्याच्यासोबत बसून वाचा; पुष्कळांना आपल्याकडे अॅड-ऑन आहे हेच माहीत नसते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर जात असेल तर टोटल लॉस मागता येतो, आणि अशा गाडीवर पैसे ओतण्यापेक्षा तोच रस्ता बहुधा शहाणपणाचा. क्लेम अन्यायाने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग अहमदाबादचे विमा लोकपाल कार्यालय.

मीटर मागे करून देणे, बीएस ६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, कापून टाकणे, तपासणीशिवाय पीयूसी मिळवून देणे, या तिन्हींना नाहीच म्हणायचे. त्यावर फार चर्चा नको. डीपीएफबद्दल एवढे सांगतो, की कापायला आलेल्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या नुसत्या शहरात दोन-दोन किलोमीटर फिरलेल्या असतात. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल ठेवून, एक्सप्रेस-वेवर अर्धा तास, दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून सलग चालवली तर डीपीएफ पुष्कळदा स्वतःला साफ करतो. न झाल्यास स्कॅनरने फोर्स्ड रीजनरेशन करा, म्हणजे काजळी मुद्दाम जाळून फिल्टर साफ करा, आणि ऑइलची लेव्हल वाढली आहे का ते बघा. अर्धवट रीजनरेशनमध्ये डिझेल ऑइलमध्ये उतरते.

पैशांच्या बाबतीत आपल्या धंद्याचे मूळ दुखणे हे, की गिऱ्हाईक पार्टचे पैसे बिनतक्रार देते आणि डोक्याचे देत नाही. म्हणून मिस्त्री मजुरी कमी सांगतो आणि दुकानाच्या टक्क्यातून भरून काढतो. त्यातून दोन वाईट सवयी लागतात: गरज नसताना पार्ट बदलणे, आणि टक्का जास्त देणाऱ्या दुकानाचा दुय्यम माल ओरिजिनल म्हणून घालणे. उपाय म्हणजे निदानाची मजुरी वेगळी आणि आधी सांगायची. स्कॅनरने पी ०१७१ हा कोड दाखवला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला असे नव्हे. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतेय एवढाच. फाटलेली व्हॅक्यूम नळी, कमी फ्युएल प्रेशर, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर, यांपैकी काहीही असू शकते. हे शोधायला तास-दीड तास लागतो, त्या वेळाचे पैसे मागायला लाजू नका. ओरिजिनल, चांगल्या कंपनीचा आफ्टरमार्केट आणि लोकल, असे तीन भाव उघडपणे लिहून द्या. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टला लोकल हा पर्याय लिहूच नका. जुना पार्ट नव्याच्या डब्यात घालून डिकीत ठेवा. अंदाज चुकून सेन्सर बदलला आणि खराबी तशीच राहिली, तर मजुरी घेऊ नका. आणि इलेक्ट्रिक माल दुकानदार परत घेत नाही, हे बदलण्याच्या आधी सांगून ठेवा, नंतर नाही.

कामात आपल्या हातून नुकसान झाले, उदाहरणार्थ प्लगचे आटे गेले, तर गाडी न्यायला यायच्या आधी फोन करा. आटे गेलेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, नीट बसवला तर जोड टिकतो. न सांगता प्लग कसाबसा अडकवला तर तो एक दिवस उडतो. हेल्परच्या बाबतीतही हेच. बोल्ट तुटल्यावर ओरडाआरडा केला की पुढच्या वेळी तो तुटलेला बोल्ट लपवतो, आणि लपवलेला बोल्ट इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन धरणाऱ्या सब-फ्रेमचा असू शकतो. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की तुटल्याचे सांगितले तर पगारातून कापणार नाही, आणि मग खरेच कापू नका.

वडिलांची गाडी म्हणून जपलेली मारुती ८०० किंवा पद्मिनी घेऊन कोणी आले, की हिशेब करून 'भंगारात द्या' म्हणणे सोपे असते. तसे म्हणू नका. त्या घरी गाडीची किंमत वेगळी असते. जॅक पॉइंट, पुढचे फ्लोअर आणि स्ट्रट टॉवर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत जात असेल तर ते आधी दाखवा. मग तीन आकडे द्या: नुसती चालायला किती, सुरक्षित व्हायला किती, आणि छान व्हायला किती. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण लागते आणि त्याला फिटनेस लागतो, हेही त्यात सांगा. उत्तर त्याच दिवशी मागू नका. घरी बोलून येऊ द्या. पहिला आकडा निवडला आणि गाडी रस्त्यावर आणायची असेल तर काम घेऊ नका. अंगणात झाकून ठेवायची असेल तर आनंदाने करा.

राहिली झोप. ती चिंता वाईट नाही, तिला कागदावर जागा द्यायला हवी. डोक्यात ठेवलेली गोष्ट रात्री पुन्हा तपासता येत नाही, कागदावरची येते. चाकाचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर, ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा. इम्पॅक्ट गनने फक्त जवळ आणा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावर रंगाच्या पेनने एक रेघ मारा आणि फोटो काढा. ऑइलचा ड्रेन बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट, टायरॉडचे नट आणि पिना यांनाही तीच रेघ. ज्याने काम केले त्याने शेवटचे बघायचे नाही, दुसऱ्याने बघायचे. एकटेच असाल तर चहा पिऊन आल्यावर, हातात जॉब कार्ड घेऊन, पुढच्या डाव्या चाकापासून गाडीभोवती एक फेरी मारा. ब्रेकचे काम झाले असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा; नवे पॅड घातल्यावर पहिल्या दाबाला पेडल खाली जाते, आणि गॅरेजच्या दारातच भिंतीला धडकलेल्या गाड्या त्यामुळेच धडकतात. अलॉय व्हील असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला गाडी घेऊन या, असे बिलावर छापून घ्या, आणि त्या तपासणीचे पैसे घेऊ नका. सायंकाळी सातनंतर ब्रेक आणि स्टिअरिंगचे नवे काम उघडू नका; गिऱ्हाइकाला सकाळी घाई असली तरी रिक्षाने जायला सांगा. आणि तरीही रात्री शंका आलीच, तर फोटो उघडून रेघ बघा. रेघ दिसली नाही तर वेळ बघत बसू नका, लगेच फोन करून सांगा की गाडी काढू नका, सकाळी मी येऊन बघतो.